नाव माझं, पत्र कुणाचं?

ईमेलवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं, ते पाठवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं, हे मूळ व्यवस्थेत कुणीच तपासत नाही.

हे मी साताऱ्यात कितीतरी जणांना सांगितलं आहे. लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "म्हणजे हॅक झालं." नाही हो. हॅक करायला कुणाचा तरी पासवर्ड चोरावा लागतो, कुठलं तरी कुलूप तोडावं लागतं. इथे कुलूपच नाही. पोस्टकार्डाच्या शेवटी 'आपला नम्र' लिहून त्याखाली शेजाऱ्याचं नाव टाकायला जेवढी अक्कल लागते, तेवढीच इथे लागते.

मी साताऱ्यात एका कार्यालयाचा मेल सर्व्हर सांभाळते. साठेक माणसांचं कार्यालय. तिथे माझं अधिकृत पद काहीही असो, व्यवहारात मी 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' आहे. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला हाक येते आणि साहेबांना स्पॅम आलं तरी मलाच. स्पॅमचा कंटाळा मला फार आधीच येऊन गेला होता. त्यात माणसाचं काय काय पणाला लागू शकतं हे मात्र सांगलीच्या मामामुळे कळलं.

मामाची सांगलीत हळदीची अडत आहे. अडत्या म्हणजे शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मधला माणूस. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि अडत्याचं भांडवल काय, तर त्याचं नाव. मामा हे वाक्य आम्हा भाचरंडांना लहानपणापासून ऐकवत आला आहे, त्यामुळे आम्ही ते कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या हंगामात, ऐन उन्हाळ्यात, मामाचा फोन आला. आवाज वेगळाच होता. कोचीचा एक मसालेवाला मामाकडून अठरा वर्षं राजापुरी हळद घेतो. त्याला मामाच्या पत्त्यावरून मेल गेला होता: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, थकीत रक्कम या नव्या खात्यात भरावी. त्याने भरली. सहा लाख चाळीस हजार. चार दिवसांनी मामाने पैशांची आठवण करायला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, पैसे तर मी दिले, तुमच्याच मेलप्रमाणे दिले.

"मी पाठवलाच नाही गं," मामा मला सांगत होता. "पण पत्ता माझाच आहे. अक्षर न् अक्षर माझं. त्याने मला फोटो काढून पाठवला."

१९३० या हेल्पलाइनवर तक्रार झाली. पोलिसात अर्ज झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डी कलमात यासाठी तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हेही कळलं. पण ते नवं खातं तोवर रिकामं झालं होतं. शेवटी दोघांनी निम्मं निम्मं सोसायचं ठरवलं. तीन लाख वीस हजारांचं मामाला दुःख झालंच. पण नंतर कित्येक दिवस तो वेगळ्याच गोष्टीवर अडून होता. "अठरा वर्षांत एकदा बिलावरून वाद नाही. आणि त्याने मला विचारलं, सच में आपने नहीं भेजा? असं विचारलं त्याने मला."

*

मामाने तो मेल मला फॉरवर्ड केला. फॉरवर्ड केलेला मेल चौकशीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. ते म्हणजे पत्राची झेरॉक्स पाठवण्यासारखं आहे, पाकीट तिकडेच राहतं. मी कोचीला सांगून मूळ मेल फाइल म्हणून मागवला आणि त्याचं हेडर उघडलं.

हेडर म्हणजे मेलच्या डोक्यावरचा, एरवी आपल्याला न दिसणारा मजकूर. पत्र ज्या ज्या यंत्रातून जातं, ते ते यंत्र त्यावर आपली एक ओळ वर चढवतं. जुन्या पाकिटावर वाटेतल्या टपाल कार्यालयांचे शिक्के पडायचे, तसं. सगळ्यात वरची ओळ घेणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरची, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा. खालच्या ओळी पाठवणाऱ्याने आधीच रचलेल्या असू शकतात. म्हणून वरून खाली यायचं आणि भरवशाची साखळी जिथे तुटते तिथे थांबायचं. इथे ती पहिल्याच पायरीला तुटली. परदेशातलं एक भाड्याचं यंत्र थेट कोचीच्या सर्व्हरच्या दारात आलं होतं आणि 'मी सांगलीहून आलो' असं म्हणालं होतं. मामाच्या मेलसेवेचा त्यात संबंधच नव्हता. त्याचा पासवर्डही कुणी चोरला नव्हता.

पुढच्या शनिवारी एसटीने कराड, इस्लामपूर, आष्टा करत सांगली गाठली. मामाला शेजारी बसवून दोन सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते दाखवलं. ते बोलणं इतकं साधं असतं की बघणाऱ्याला आधी चेष्टाच वाटते. येणारं यंत्र म्हणतं, नमस्कार, मी अमुक. घेणारं म्हणतं, २५०, म्हणजे ठीक. हे पत्र तमक्याकडून आहे. २५०. ते अमक्याला द्यायचं आहे. २५०. आता मजकूर सांगतो. ३५४, म्हणजे सांगा. मजकूर संपला. २५०, घेतलं. संपलं.

"आणि तमक्याकडून हे खरं कशावरून?" मामाने विचारलं.

"कशावरूनच नाही."

या संभाषणाचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये 'आरएफसी ८२१' या नावाच्या दस्तऐवजात लिहिले. तेव्हा त्या जाळ्यावर काही शे यंत्रं होती, विद्यापीठांची, संशोधन संस्थांची, लष्कराची. बहुतेक एकमेकांना ओळखणारी. वाड्यात राहणारी माणसं दाराला कडी लावत नाहीत, तसं ते होतं. पुढे वाड्याचं शहर झालं, शहराचं जग झालं, आणि दार तसंच राहिलं.

यात आणखी एक गोम आहे. मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव एकदा नाही, दोनदा येतं. एक पाकिटावर, म्हणजे वर सांगितलेल्या संभाषणात. दुसरं आतल्या पत्राच्या डोक्यावर, लेटरहेडसारखं. पत्र पोचवणारं यंत्र पाकीट बघतं. तुम्हाआम्हाला फोनवर दिसतं ते लेटरहेड. दोन्हींवर एकच नाव असायला हवं, अशी सक्ती मूळ नियमांत नाही.

*

या दाराला कड्या बसवायला पुढची तीसेक वर्षं लागली, आणि कड्याही एक नाही, तीन लागल्या.

पहिली एसपीएफ. याचा पहिला अधिकृत मसुदा २००६चा. कल्पना अशी, की मामाच्या डोमेनच्या जाहीर नोंदीत, म्हणजे डीएनएसमध्ये, एक ओळ लिहून ठेवायची: माझ्या नावाने मेल पाठवायचा अधिकार फक्त या या यंत्रांना आहे. ओळीच्या शेवटी एक चिन्ह येतं. तिथे लाटेसारखी रेघ असेल तर अर्थ, यादीबाहेरच्यांवर संशय घ्या. उणे चिन्ह असेल तर अर्थ, बाकी सगळे खोटे. कोचीचा सर्व्हर दारात आलेल्या यंत्राचा पत्ता या यादीशी ताडून बघू शकतो. मामाच्या डोमेनला अशी ओळच नव्हती. दहा वर्षांपूर्वी ज्याने वेबसाइट करून दिली, त्याने ती कधी लिहिलीच नव्हती. यादीच नसेल तर ताडणार कशाशी?

पण एसपीएफ फक्त पाकीट बघतं. मग भामटा पाकिटावर स्वतःचंच डोमेन टाकतो, त्याची यादी त्याने स्वतः नीट लिहिलेली असते, आणि आत लेटरहेड मामाचं. तपासणी पास! शिवाय पत्र वाटेत कुणी पुढे धाडलं, तर पुढे धाडणारं यंत्र मामाच्या यादीत नसतं, आणि खरं पत्रच खोटं ठरतं.

म्हणून दुसरी कडी, डीकिम. ही २००७ची. मामाला ही एका वाक्यात कळली, कारण त्यासाठी मराठीत शब्द तयार आहे: 'ध' चा 'मा'. नारायणरावांना धरावे असं लिहिलेल्या पत्रात मधल्या मध्ये अक्षर बदललं आणि मारावे झालं, अशी १७७३ सालची ती आख्यायिका. तिच्यातल्या तपशिलांवर इतिहासकार वाद घालोत. बदललेल्या पत्राची भीती मात्र खरी आहे. त्या खुनाची चौकशी ज्यांनी केली ते रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी शिवकालीन पत्रांत यावर एक उपाय होता: वर मुख्य शिक्का, आणि मजकूर संपला की त्याखाली मर्यादा मुद्रा. पत्र इथे संपलं, याच्यापुढे कुणी काही वाढवलं तर ते आमचं नव्हे.

डीकिम हीच मर्यादा मुद्रा, फक्त गणितातली. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा एक सारांश-आकडा काढतो आणि तो आपल्या गुप्त किल्लीने सही करून हेडरमध्ये ठेवतो. ती सही तपासायची जोडकिल्ली डीएनएसमध्ये जाहीर असते. वाटेत एक अक्षर बदललं तरी आकडा जुळत नाही. आणि पत्र मजकुराला हात न लावता पुढे धाडलं, तर सही तशीच टिकते. एसपीएफ जिथे उगाच अडतं, तिथे डीकिम साक्ष देतं.

तरीही लेटरहेडचा प्रश्न उरतोच. भामटा स्वतःच्या डोमेनने रीतसर सही करील आणि वर नाव मामाचं लावील. ही फट तिसऱ्या कडीने बुजते, डीमार्कने. २०१२मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी मिळून ती जाहीर केली आणि २०१५मध्ये ती 'आरएफसी ७४८९' म्हणून छापली गेली. ती म्हणते, पाकीट किंवा सही यांपैकी निदान एक तरी तपासणीत पास व्हायला हवं, आणि जे पास झालं त्याचं डोमेन लेटरहेडवरच्या डोमेनशी जुळायला हवं. जुळलं नाही तर काय करायचं, तेही डोमेनच्या मालकाने आधीच लिहून ठेवायचं: नुसती नोंद घ्या, बाजूला टाका, किंवा परत पाठवा.

इथपर्यंत सगळी माहिती कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मिळते. डीमार्कच्या ओळीत मात्र आणखी एक छोटासा भाग असतो. तो बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. त्यात एक पत्ता लिहायचा असतो. माझ्या नावाने जगात जी पत्रं आली, त्यांचा हिशेब मला या पत्त्यावर कळवा.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला मला परत साताऱ्याला यावं लागेल.

*

प्रतापसिंह हे नाव साताऱ्यात शाळेमुळे सगळ्यांना माहीत असतं. राजवाड्यातल्या ज्या शाळेत १९०० साली लहानग्या भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. प्रतापगंज ही पेठही त्यांच्याच नावाची. छत्रपती प्रतापसिंहांची गादी कशी गेली, हे मात्र माझ्या वयाच्या फार थोड्यांना सांगता येतं. ती युद्धात गेली नाही. पत्रांमुळे गेली.

१८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. १८१९च्या तहात अट होती, की कंपनी सरकारच्या परवानगीवाचून बाहेरच्या सत्तांशी व्यवहार ठेवायचा नाही. म्हणजे नुसतं पत्र लिहिणं हाही गुन्हा होऊ शकत होता. जहागिरींच्या वादावरून संबंध बिघडत गेले आणि १८३६पासून आरोप सुरू झाले. कंपनीच्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं. नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रं चालवली. पुरावे म्हणून साक्षी पुढे आल्या, कागद आले, शिक्के आले. राजाच्या बाजूचं म्हणणं एकच: हे कागद बनावट आहेत.

त्यातला एक कागद माझ्या डोक्यातून जात नाही. राजाचे दिवाण गोविंदराव अटकेत असताना त्यांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाने मुंबई सरकारकडे एक अर्ज गेला. त्यात राजावरच्या आरोपांना पुष्टी होती. आता एका आईनेच हे लिहिलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? पुढे राजाच्या पक्षाने लंडनमध्ये मांडलं, की तो अर्ज त्या बाईंचा नव्हताच. दुसऱ्याने लिहून त्यांच्या नावाने धाडलेला होता. सर्व्हरच्या भाषेत सांगायचं तर पाकीट एकाचं, लेटरहेड दुसऱ्याचं.

ऑगस्ट १८३९मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यात आले. आरोप मान्य करून सही द्या, गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रतापसिंहांनी सही दिली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं गेलं; गादीवर त्यांच्या भावाला बसवलं. काशीतच १८४७मध्ये प्रतापसिंह वारले. पुढच्याच वर्षी भाऊही गेला आणि डलहौसीने राज्य खालसा केलं.

राजाचं म्हणणं ऐकून घ्या, एवढं सांगायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथेच झगडत राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखी माणसं त्यांच्या बाजूने बोलली. निर्णय फिरला नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहून ठेवलं आहे.

माझ्या कामापुरती मला या प्रकरणातली एकच गोष्ट घ्यायची आहे. खोट्या नावाने पत्र आलं की आपण फक्त फसलेल्या माणसाचा विचार करतो: ज्याला पत्र मिळालं तो. पण ज्याचं नाव वापरलं गेलं, तोही असतो. आणि त्याची गंमत अशी की सगळं होऊन जाईपर्यंत त्याला काहीच माहीत नसतं. पत्र त्याच्याकडे येत नाही. निकाल येतो. कागद दाखवा, उत्तर देऊ द्या, हीच तर राजाच्या बाजूची तक्रार होती.

*

हे ध्यानात आल्यावर सर्व्हरची मांडणी करताना माझा क्रम बदलला.

आमच्या कार्यालयात एका सोमवारी साहेबांच्या मेलपेटीत अकराशे पत्रं येऊन पडली होती. सगळी एकाच नमुन्याची: आपण पाठवलेले पत्र पोचू शकले नाही. साहेबांनी यातलं एकही पत्र पाठवलं नव्हतं. कुणीतरी त्यांचं नाव पाकिटावर घालून जगभर कचरा वाटला होता. ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी तो आधी आत घेतला, मग नको म्हणाले, आणि परत कुणाला पाठवला? पाकिटावर ज्याचं नाव त्याला.

म्हणून आमच्या सर्व्हरवरचा पहिला नियम: नकार द्यायचा तो दारातच द्यायचा. संभाषण चालू असतानाच '५५०, घेणार नाही' म्हणायचं, म्हणजे समोर जे यंत्र उभं आहे त्यालाच ते ऐकू येतं. एकदा '२५०, घेतलं' म्हटलं, की मागाहून परत पाठवायचं नाही. कारण ते परत जातं ते एका निरपराध माणसाच्या दारात.

दुसरा नियम: बाहेरून आलेलं यंत्र, लॉगिन न करता, आमच्याच डोमेनचं नाव सांगत असेल तर ते दारातच थांबवायचं. साहेबांच्या नावाने लेखा विभागाला 'मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने एवढे भरा' असे जे मेल येतात, त्यांतले बरेचसे इथेच गळतात. तिसरा: पाठवणाऱ्या डोमेनने स्वतः यादीच्या शेवटी उणे चिन्ह लिहिलेलं असेल, तर त्याचा शब्द पाळायचा. चौथा: डीमार्क तपासून मालकाने जे सांगितलं असेल तेच करायचं, आणि त्याला रोजचा अहवाल पाठवायचा. हा अहवाल पाठवण्यात आमच्या कार्यालयाचा दमडीचा फायदा नाही. पण आमच्या दारात कुणी तुमचं नाव घेऊन आला होता, हे तुम्हाला कळायला हवं.

आणखी एक युक्ती असते. अनोळखी यंत्राला '४५०, नंतर या' म्हणायचं. खरा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो; कचरा वाटणारी बरीच यंत्रं येत नाहीत. सरकारी कचेरीत चकरा मारलेल्या कुणालाही हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. पण त्याने ओटीपी उशिरा येतात, म्हणून आमच्याकडे ती ठेवलेली नाही.

सांगलीला मामाचं काम याच्या उलट्या बाजूचं होतं. तिथे कुणाला अडवायचं नव्हतं, आपलं नाव राखायचं होतं. एसपीएफची ओळ लिहिली, डीकिमच्या किल्ल्या बसवल्या आणि डीमार्क लावला, पण 'नुसती नोंद घ्या' एवढ्यावरच. मामाला हे पटेना. "चोर माहीत आहे ना? मग थेट परत पाठव की."

"थांब, मामा. आधी तुझ्या नावाने कोण कोण बोलतं ते तरी बघू."

सहा आठवडे अहवाल येत राहिले. यंत्रांनी यंत्रांसाठी लिहिलेल्या त्या फायली माणसाने वाचायच्या नसतातच. मी त्यांची तक्ते करून मामाला पाठवायचे. त्यातून कळलं, की मामाच्या नावाने मेल पाठवणारी खरी यंत्रं दोन आहेत. एक त्याची मेलसेवा. दुसरं त्याच्या बिलांचं सॉफ्टवेअर, जे ग्राहकांना परस्पर बिलं धाडतं. ते यादीत नव्हतं. पहिल्याच दिवशी सक्ती केली असती तर हंगामातली सगळी बिलं परत गेली असती. तिसरी नोंद सीएच्या कार्यालयाची होती: त्यांचा जुना पत्ता आलेलं सगळं नव्या पत्त्यावर पुढे धाडतो. तिथे एसपीएफ नापास होत होतं, पण डीकिमची सही शाबूत होती. आणि चौथ्या रकान्यात बाकीचे. ओळखदेख नसलेली, तीन वेगवेगळ्या खंडांतली यंत्रं, सगळी मामाच्या नावाने बोलणारी.

मामा तो तक्ता बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "एवढे लोक मी आहेत?"

बिलांचं यंत्र यादीत घेतलं. मग 'बाजूला टाका', आणखी महिनाभराने 'परत पाठवा'. आधी नोंद, मग नोटीस, मग कारवाई. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. मामासारख्या छोट्या माणसावर ती सक्ती नाही. त्यामुळेच तर अशी लाखो छोटी डोमेनं अजून बिनकडीची आहेत.

मामाने याला स्वतःचं एक नाव दिलं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव कुणी लावायचं आणि कुणी नाही, याची आता सरकारदरबारी नोंद असते. "म्हणजे हा हळदीचा एसपीएफ झाला," मामा म्हणाला. तेव्हापासून तो बाजारात ओळखीच्या लोकांना विचारत असतो, तुमच्या डोमेनला मानांकन आहे का? निम्म्यांना कळत नाही. जे विचारतात त्यांना तो माझा नंबर देतो.

या कड्या काय करत नाहीत, हेही सांगायला हवं. त्या फक्त मामाचा पत्ता जसाच्या तसा वापरू देत नाहीत. कुणी त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करून नवंच डोमेन विकत घेतलं, तर ते डोमेन खरोखरच त्याचं असतं. तिन्ही तपासण्या पास होतात. कुणी कसल्याही पत्त्यापुढे मामाचं फक्त नाव लावलं, तरी तेच. आणि फोनवर मेल वाचताना बहुतेक ॲप नुसतं नावच दाखवतात. पत्ता बघायला त्या नावावर बोट ठेवावं लागतं. ठेवत जा. खातं बदललंय असं कुठलाही मेल म्हणाला, तर जुन्या, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको.

काही महिन्यांनी एका मोठ्या मेलसेवेचा अहवाल आला: एका दिवसात मामाच्या नावाने आलेली २१२ पत्रं दारातच परत पाठवली. मी मामाला फोन केला. मला वाटलं, तो खूश होईल.

"म्हणजे ते थांबले नाहीत?"

"नाही. थांबणारही नाहीत. पण आता तुझं नाव सांगून कुणी आत जात नाही, आणि कोण आलं होतं ते तुला कळतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मला एक काम सांगितलं. त्या पहिल्या मेलचं हेडर, ज्यात ते परदेशी यंत्र दिसतं, आणि हा २१२चा अहवाल, दोन्हीतलं काय ते सोप्या हिंदीत एका पानावर लिहून दे. मी दिलं. त्याने ते छापलं, सही केली, अडतीचा शिक्का मारला आणि टपालाने, रजिस्टर करून, कोचीला पाठवलं. पैसे परत मागण्यासाठी नव्हे. तो विषय संपला होता. बरोबर दोन ओळींची चिठ्ठी होती म्हणे. तिच्यात काय लिहिलं ते मामाने मला सांगितलं नाही.

या हंगामात कोचीला दोन ट्रक राजापुरी गेली. बिल मेलनेच गेलं. पैसे भरण्याआधी मसालेवाल्याचा फोन आला आणि मामाने खात्याचा नंबर, एकेक आकडा करत, मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.